चार वावरांची ओंजळ

जरा दोन्ही हात पुढे कर. तसे नाही, जोडून. पाणी पिताना करतात तशी ओंजळ कर. आता डोळे मीट आणि समज, त्या ओंजळीत कोणीतरी कापूस ठेवला आहे. दुकानात मिळतो तो निळ्या कागदातला नव्हे. झाडावरून नुकताच वेचलेला. ऊन अजून त्यातून गेलेलं नाही, म्हणून तो कोमट लागतो. वजन म्हणशील तर चिमणीएवढं. बोटांनी दाबलंस तर आत टणक दाणे लागतील, ती सरकी. एखादं वाळकं पान चुरचुरेल.

आता सांग, हा कापूस कोणाच्या वावरातला, म्हणजे कोणाच्या शेतातला?

नाही ना सांगता येत? फार थोड्यांना येतं. आमसावळीच्या मारोतराव गुरुजींना यायचं. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले, कापसाच्या ढिगावर लोळून मोठे झालेले. थोडासा कापूस चिमटीत धरून ओढला की धागा किती लांब, जमीन काळी की बरड, पाणी विहिरीचं की पावसाचं, हे ते सांगून टाकत. आणि सांगता यायचं, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

आमसावळी दारव्हा तालुक्यातलं छोटं गाव. शाळेला खोल्या दोन आणि वर्ग चार. तिसरी व्हरांड्यात बसायची, चौथी कडुलिंबाखाली. सावली सरकली की चौथी सरकायची. दुपारपर्यंत अख्खा वर्ग हातपंपाजवळ पोचलेला असे, आणि पाणी भरायला आलेल्या बाया गुरुजींच्या गणितांची उत्तरं परस्पर सांगून टाकत.

दारव्ह्यात 'ओसरी' नावाचं एक मंडळ होतं. पेन्शनीतले मास्तर, दोन-तीन दुकानदार, एक डॉक्टरीण, आणि सगळ्यांना कामाला लावणाऱ्या प्रेरणाताई. ज्या शाळेत मुलं उन्हात बसतात तिथे हे मंडळ एक वर्गखोली बांधून देई. गुरुजी पहिल्या दिवसापासून मंडळाचे. रविवार आला की सायकल काढायची आणि कुठल्या गावात लेकरं कुठे बसतात ते पाहून यायचं. सरपंचाला समजवायचं, गवंड्याच्या मागे लागायचं. असं करत बारा गावांत बारा खोल्या उभ्या राहिल्या. स्वतःच्या शाळेचं नाव त्यांनी दरवर्षी मागे ठेवलं. घरच्यांनी शेवटी जेवायचं असतं, असं ते म्हणत. दोन हजार पाच साली शेवटी आमसावळीची पंगत बसली.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. पीक घरात यायचं, भाव यायचा नाही. अशा गावात वर्गणी मागायला कोणाची जीभ रेटणार? म्हणून मंडळाची एक अट होती, आणि ती गुरुजींनीच सुचवलेली होती. खोलीचा खर्च मंडळाचा. गावाने फक्त एवढं करायचं: ज्या ज्या घरातलं लेकरू शाळेत येतं, त्या प्रत्येक घरातून एक ओंजळ कापूस यायला हवा, आणि तोही लेकराने स्वतःच्या हातांनी आणलेला. तो विकायचा नाही. सरकी काढून, पिंजून त्याची एक लांब गादी शिवायची. नव्या खोलीत पहिलीची मुलं तिच्यावर बसतील, साऱ्या गावाच्या कापसावर. एक घर जरी राहिलं, तरी पाया खणायचा नाही.

"यवतमाळ जिल्ह्यात कापूस नसलेलं घर कुठलं?" असं गुरुजी त्या बैठकीत म्हणाले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

सोमवारी आमसावळीत पाया खणायचा होता. त्याआधीच्या गुरुवारी गुरुजींनी कडुलिंबाखाली पांढरी चादर पसरली आणि चौथीच्या मुलांना ओळीत उभं केलं. मुलांना त्यांचा खेळ माहीत होता, ती त्याचीच वाट पाहत होती.

"गुरुजी, डोये बांधा," गोपाल म्हणाला. गावातली सगळ्यात मोठी शेती त्याच्या घरची. "नाहीतर तुम्ही चोरून पाह्यता."

गुरुजींनी हसत आपला दुपट्टा डोळ्यांवर बांधला. पहिली ओंजळ त्यांच्या हातात आली.

"बरडावरचा. आखूड, कोरडा. अतुल, तुमच्या नाल्यापलीकडच्या तुकड्यातला."

"बरोबर जी."

"हा विहिरीजवळचा. शीला, तुझा ना? आणि वेचला तुझ्या आजीने. एवढा पालापाचोळा दुसरं कोणी ठेवत नाही."

"आजीले दिसत नाही ना जी."

"तेच तर सांगून राह्यलो."

मुलं खिदळत होती. एकेक ओंजळ चादरीवर पडत होती, ढीग वाढत होता. गुरुजींचा एकही अंदाज चुकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते फार आवडत होतं. माणूस साठीजवळ आला तरी टाळ्या कोणाला नको असतात?

मग एक लहानशी ओंजळ हातात आली. ठेवणाऱ्याने ती जपून ठेवली, पाखराचं पिल्लू ठेवावं तशी. गुरुजींनी ती चाचपली. थांबले. पुन्हा चाचपली. एक पुंजका लांब धाग्याचा, एक आखूड. एक मऊ, एक जुना होऊन ताठरलेला. सगळ्यावर धूळ.

"बाप्पा," ते जादूगाराच्या आवाजात म्हणाले, "ही तर चार वावरांची ओंजळ आहे. हा बरडाचा, हे दोन काळीतले. आणि हा लांब धागा तर गोपालच्याच घरचा, दुसऱ्या कोणाचा असूच शकत नाही. एवढी वावरं कोणाची रे?"

टाळ्या आल्या नाहीत. आला तो गोपालचा आवाज.

"थे उर्वशी हाय, गुरुजी. तिच्या घरी तं एक बी वावर नाही. मंग आमचा कापूस तिच्यापाशी काहून?"

गुरुजींनी दुपट्टा सोडला. समोर उर्वशी उभी होती, कांताबाईची मुलगी. कांताबाई रोजाने दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची. उर्वशीचे हात अजून ओंजळीसारखेच पुढे होते, रिकामे. कोपरापर्यंत बारीक बारीक ओरखडे होते.

"चार वावरं मोजून आली पटवारीण," मागून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला. खेळातलं हसू गुरुजींच्याही ओठांवर अर्धंमुर्धं राहून गेलं होतं. ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"उर्वशी, कोणाकोणाच्या वावरात गेलतीस?"

"कोणाच्याच नाही."

"मग हा आणला कुठून?"

ती आपल्या तळहातांकडे पाहत राहिली.

"बरं," गुरुजी मऊ आवाजात म्हणाले. "हा कागदात बांध आणि खिडकीत ठेव. विचारून घेऊ."

ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. आपण समजुतीने घेतलं, असंच त्यांना वाटलं. पण कोणाला विचारायचं आणि काय विचारायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. ते वर्गाने आपापलं समजून घेतलं. उर्वशीने पुडी बांधली, खिडकीत ठेवली आणि घंटा होईपर्यंत जागेवर बसून राहिली. सुटी झाल्यावर ती हातपंपावर पाणी प्यायलासुद्धा थांबली नाही.

शुक्रवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. कडुलिंबाखाली तिची जागा मोकळी राहिली. सावली सरकली तशी चौथी सरकली आणि ती मोकळी जागाही वर्गाबरोबर हातपंपापर्यंत सरकत गेली. मुलं तिथे बसेनात. गुरुजींनी त्या दोन दिवसांत खिडकीकडे पाठ करून शिकवलं.

रविवारी सकाळी त्यांनी घरच्या ढिगातून एक ओंजळ कापूस घेतला आणि रुमालात बांधला. पत्नी विमलताई सुपात डाळ निवडत होत्या.

"हा कोणासाठी?"

"कांताबाईच्या घरचा म्हणून ठेवतो. उद्या एका घरावाचून काम अडायला नको."

"अन हात?" विमलताईंनी सुपातून मान वर केली नाही. "लेकराच्या हातानं यावं, हे तुमचंच ना? कापूस न्याल घरून. हात कुठून आणाल?"

गुरुजींनी रुमाल सोडला. कापूस ढिगात परत टाकला आणि सायकल काढली.

कांताबाईचं घर गावाच्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागे. तिकडे जाणारा रस्ता पुढे दारव्ह्याच्या बाजाराला मिळतो. गावातल्या सगळ्या कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, याच रस्त्याने जातात. चाकांच्या बाहेर येईल इतका कापूस भरलेला असतो आणि दोन्ही बाजूंना बाभळी आहेत. बंडी गेली की बाभळीचे काटे तिच्यातून चिमूट चिमूट ओढून घेतात. दिवाळीनंतर महिनाभरात त्या बाभळी पांढऱ्या फुलांनी बहरल्यासारख्या दिसतात. गुरुजी हा बहर लहानपणापासून पाहत आले होते. इतका पाहिला होता की आता तो त्यांना दिसतच नव्हता.

त्या दिवशी दिसला, कारण तो अर्धाच होता.

विहारापासून पुलापर्यंत बाभळींच्या वरच्या फांद्या पांढऱ्या होत्या आणि खालच्या मोकळ्या. जणू कोणी दोरी धरून रेघ मारली होती. गुरुजी सायकलवरून उतरले. रेघ त्यांच्या हनुवटीपाशी आली. नऊ-दहा वर्षांच्या मुलीने टाचा उंचावून हात वर केला, तर तो बरोबर तिथे पोचेल.

ते तिथेच उभे राहिले. अतुलच्या बरडावरची बंडी याच रस्त्याने गेली होती. काळीतल्या बंड्याही गेल्या होत्या, गोपालच्या घरची तर दोनदा. चार वावरं नव्हती ती. हा एकच रस्ता होता. आणि ते ओरखडे! कापूस वेचणाऱ्याच्या बोटांना नखांपाशी बोंडाची टोकं लागतात. कोपरापर्यंत ओरखडे पडतात ते काट्यांचे. हे गुरुजींना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. कापूस चाचपून त्यांनी वावर ओळखलं. हात समोर होते, ते ओळखले नाहीत.

मग दुसरी गोष्ट मनात आली आणि ती पहिलीपेक्षा जड होती. बारा गावं झाली होती. त्या बाराही गावांत वेचणीला जाणाऱ्यांची घरं होती. कापूस नसलेलं घर कुठलं, असं त्यांनी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं. त्या घरांतल्या मुलांनी ओंजळ कुठून आणली असेल? कोणापुढे हात पसरला असेल? त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते फक्त बाराही वेळा ढीग पाहून खूश झाले होते.

कांताबाई अंगणात भांडी घासत होती. उंबऱ्यावर उर्वशी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिने गुरुजींना पाहिलं आणि पुन्हा शेंगांत लक्ष घातलं.

"या गुरुजी. बाज हाय, बसा," कांताबाई म्हणाली. "विचाराले आले ना? तुम्ही म्हनलं होतं म्हने, विचारून घेऊ."

"नाही कांताबाई. माझी चूक झाली, ते सांगायला आलो."

कांताबाईने राखेचा हात झटकला. "एक सांगू? वावरातून निघतांनी मी कापसाची कमरेची ओटी उलटी करतो. लुगडं झटकतो. केसात अडकलेला तंतू बी काढून मालकाच्या ढिगावर टाकतो, अन मंग घराची वाट धरतो. वीस वर्सं झाले, झटकूनच राह्यली. काहून? कोनी काही म्हनू नये म्हनून. अन तुम्ही माह्या पोरीले चार वावरं दाखवले."

गुरुजींना बाजेवर बसवेना. ते उभेच राहिले.

"मी आत्ता बाभळी पाहिल्या," ते म्हणाले.

"आत्ता पाह्यल्या? रोज त्याच रस्त्यानं तं जाता जी."

गुरुजींनी विचारलं, "तिने तेव्हाच सांगितलं का नाही?"

"सगळ्याइनं घरचा आनला. हिनं काट्यावरचा आनला, हे कोन्या तोंडानं सांगन? मालकाले एक ओंजळ माग म्हने मले. मी म्हनलं, मागनार नाही. रस्त्यावरचा कोनाचा नसते, थो वेच. चार दिस वेचत होती, शाळेत येता-जाता."

गुरुजी उंबऱ्याजवळ गेले. वाकले.

"उर्वशी, माझं चुकलं बाळा. उद्या येशील?"

शेंग फुटल्याचा आवाज आला. हिरवे दाणे ताटलीत पडले. मग ती वर न पाहताच म्हणाली, "इथं कोन ऐकून राह्यलं, गुरुजी?"

अंगणात खरंच कोणी नव्हतं. कांताबाई, एक कोंबडी आणि घासलेली भांडी. गुरुवारी तेवीस मुलं होती.

"खरं आहे," गुरुजी म्हणाले आणि निघाले. सायकल त्यांनी शाळेपर्यंत हातात धरूनच नेली.

सोमवारी सकाळी कडुलिंबाखाली सगळी शाळा जमली. प्रेरणाताई दारव्ह्याहून जीपने आल्या. सरपंच कुदळ घेऊन तयार होते, कुदळीला हळद-कुंकू लावलेलं होतं. चादरीवर कापसाचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. उर्वशी वर्गात नव्हती. पण हातपंपाजवळ, वेचणीची ओटी कमरेला बांधलेल्या कांताबाईच्या बाजूला, ती उभी होती. कामावर जाता जाता थांबलेल्या माणसासारखी.

"झाल्या ना सगळ्या घरांच्या ओंजळी?" प्रेरणाताईंनी विचारलं.

"एक राहिली आहे," गुरुजी म्हणाले. "ती माझ्यामुळे राहिली."

ते मुलांकडे वळले. "गुरुवारी मी तुमच्याशी खेळ खेळलो. कशासाठी? मला किती कळतं, ते तुम्हाला दाखवायला. उर्वशीची ओंजळ चार वावरांची आहे, असं मी म्हणालो. तिने ती कुठल्याच वावरातून आणली नव्हती. आपल्या सगळ्यांच्या बंड्यांचा कापूस बाभळींवर अडकतो. तो तिने एकेक काट्यावरून काढला, चार दिवस. मी तिला तुमच्यासमोर चोर ठरवलं. तो शब्द उच्चारला नाही, एवढंच. तिचे हात समोर होते, मी ते पाहिले नाहीत."

गोपालने हात वर केला.

"पन गुरुजी, आमच्या बंडीतून पडला, तं आमचाच झाला ना थो?"

"तुझ्या बंडीनं सोडून दिला तो. तू गेला असतास काढायला?"

गोपालने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "काटे असते ना जी तिथं," तो म्हणाला. दोघं-तिघं हसले, पण गुरुवारसारखे नाही.

"ताई," गुरुजी प्रेरणाताईंना म्हणाले, "ही अट मी सुचवली. कापूस नसलेलं घर नाही, असं मीच म्हणालो होतो. तशी घरं आहेत, बाराही गावांत होती. आज उर्वशीने ओंजळ टाकली नाही, तरी तो दोष तिला देऊ नका. खोली थांबवायची असेल तर माझं नाव घेऊन थांबवा."

प्रेरणाताई सरपंचांकडे वळल्या. म्हणाल्या, "कुदळ खाली ठेवा जरा. जमीन कुठं पळून जात नाही."

गुरुजी खिडकीपाशी गेले. पुडी घेऊन आले, उघडली आणि कापूस आपल्या दोन्ही हातांत घेतला. हातपंपापर्यंत चालत गेले आणि ओंजळ पुढे धरली.

"ही तुझी आहे," ते म्हणाले. "टाक, नाहीतर घरी ने. मागणारा मी कोणी नाही."

उर्वशीने आईकडे पाहिलं. कांताबाईने ते तिच्यावरच सोडलं. तेव्हा उर्वशीने ओंजळ घेतली, चालत चादरीपाशी आली आणि मांडी घालून बसली. कापूस मांडीवर ठेवला आणि त्यातला कचरा काढू लागली. वाळकं पान काढलं. बाभळीचा एक मोडका काटा निघाला, तो तिने जपून बाजूला ठेवला. धुळीने मळलेला पुंजका उलगडून फुंकर मारली. घाई नव्हती. सरपंच कुदळीवर रेलून उभे होते, प्रेरणाताई उभ्या होत्या, सगळी शाळा उभी होती आणि ती निवडत होती. सावली सरकली. या वेळी चौथी सरकली नाही.

कापूस पांढरा झाला तशी ती उठून गुडघ्यांवर बसली. तो तिने ढिगाच्या वर ठेवला नाही. दोन्ही हात कापसासकट ढिगाच्या पोटात घातले, ओरखडे दिसेनासे होईपर्यंत, आणि ती ढवळू लागली. खालचा वर, वरचा खाली. गोपालचा लांब धागा अतुलच्या बरडात गेला, शीलाच्या आजीचा पाचोळा त्याच्यात मिसळला आणि बाभळीवरचा सगळ्यांत मिसळला. गुरुजींनाही कधी ओळखता येणार नाही इतकं तिने ते एक केलं. मग हात बाहेर काढले, अंगाला चिकटलेले तंतू एकेक करून वेचले आणि ढिगावर टाकले. परकर झटकला. आणि गुरुजींकडे न पाहता चौथीच्या ओळीत, आपल्या त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसली.